शब्दांच्या आठ जाती कुठून आल्या?

या स्मरणिकेत सहली, स्नेहसंमेलने आणि मधल्या सुट्टीतल्या डब्यांच्या आठवणी भरपूर असतील. मी मात्र आपण सगळ्यांनी एका सुरात पाठ केलेल्या एका यादीविषयी लिहिणार आहे: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. पहिल्या चार विकारी, पुढच्या चार अविकारी. दहावीत यावर हमखास मार्क मिळत. पुढे मी इंजिनिअर झाले, कॉम्प्युटरच्या भाषांमध्ये रमले. पण ही यादी विसरले नाही. तिचा इतिहास शोधला तेव्हा तो आपल्या पुस्तकातल्या धड्यापेक्षा कितीतरी रंजक निघाला.

यादीतले काही शब्द फार जुने आहेत. यास्काच्या निरुक्तात शब्दांचे चार प्रकार सांगितले आहेत: नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. 'सर्वनाम' आणि 'अव्यय' या संज्ञा पाणिनीकडे आहेत. पण आठ जातींचा साचा तिथे नाही. तो युरोपातून, इंग्रजी व्याकरणाच्या मार्गाने आपल्याकडे आला.

विल्यम कॅरे यांनी १८०५ मध्ये सेरामपूरहून मराठीचे व्याकरण छापले. पण ते इंग्रजीत होते, मराठी शिकू पाहणाऱ्या इंग्रजांसाठी. मराठी मुलांना मराठीतूनच मराठीचे नियम सांगायचे, तर वेगळे पुस्तक हवे होते. या कामात सर्वात मोठा ठसा उमटला तो दादोबा पांडुरंग तर्खडकरांचा. १८१४ साली मुंबईत जन्मलेल्या दादोबांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते! आपण त्या वयात पहिल्या नोकरीच्या मुलाखती देत होतो. पुढे त्यांना 'मराठीचे पाणिनी' म्हटले गेले. याच शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी विरामचिन्हे मराठीत रुळली. त्याआधीच्या मोडी कागदात स्वल्पविराम तर सोडाच, दोन शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसे.

त्या काळच्या व्याकरणकारांपुढचा पेच मला कामाच्या अनुभवामुळे चांगला कळतो. साचा एका भाषेचा, माल दुसऱ्या भाषेचा. इंग्रजीतले 'प्रेपोझिशन' म्हणजे शब्दाच्या आधी ठेवायचे पद. मराठीत तर ते शब्दाच्या मागून येऊन त्याला चिकटते: झाडाखाली, घरासमोर. इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर केले असते, तर नावच खोटे पडले असते. आपल्याकडे रूढ झाले ते 'शब्दयोगी'. आधी की नंतर, याचा त्यात उल्लेखच नाही. शब्दाशी योग होतो, एवढेच ते सांगते. आज कॉम्प्युटरला भाषा शिकवताना 'युनिव्हर्सल डिपेंडन्सीज' नावाची पद्धत जगभरच्या भाषांसाठी वापरतात. तिच्यात शब्दांचे १७ वर्ग आहेत, आणि आधी येणारे व नंतर येणारे असे दोन्ही प्रकार एकाच वर्गात ठेवून त्याला 'ॲडपोझिशन' हे सामाईक नाव दिले आहे. आपला 'शब्दयोगी' तेच काम कधीपासून करतो आहे.

दुसरी संज्ञा 'सामान्यरूप'. इंग्रजी नामाला असे काही होत नाही. आपल्याकडे प्रत्यय लागण्याआधीच शब्दाचे रूप बदलते: शाळा, पण शाळेत, पाणी, पण पाण्यात. अक्षरे जुळवून शोधणाऱ्या साध्या प्रोग्रॅमला 'घर' दिले, तर 'घरासमोर' सापडते. 'शाळा' दिले, तर 'शाळेसमोर' सापडत नाही. तो दुरुस्त करायचा, तर आधी सामान्यरूप समजलेला माणूस लागतो.

तिसरी 'प्रयोग'. 'मुलीने पुस्तक वाचले' हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद पुस्तकाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते. याला इंग्रजीतला 'पॅसिव्ह व्हॉइस' समजले, की मुलांचा गोंधळ होतो, कारण या वाक्याचे साधे इंग्रजी 'ॲक्टिव्ह' असते. शिवाय 'आईने मुलांना मारले' हा भावे प्रयोग इंग्रजीच्या कोणत्या कप्प्यात टाकणार?

व्याकरणाची घडी पुढेही बदलत राहिली. मोरो केशव दामले यांचे भलेमोठे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये आले. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम आले, १९७२ मध्ये आणखी ४. आपल्या आजी-आजोबांच्या पत्रांतल्या 'नांव', 'घरें' यांवरचे टिंब गेले ते या नियमांनी. अरविंद मंगरूळकरांनी १९६४ मध्ये 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' मांडला. म्हणजे आपण जी यादी दगडावरची रेघ समजून पाठ केली, तिच्यावर विद्वानांचे वाद चालूच होते.

हे सगळे आत्ताच सांगण्याचे कारण आपली मुले. आपल्यापैकी अनेकांची मुले इंग्रजी माध्यमात आहेत. माझ्या घरीही 'नाऊन' आणि 'व्हर्ब'च चालतात. त्यात वाईट काही नाही. पण 'सामान्यरूप' हा शब्द घरातून गेला, की आपली भाषा आतून कशी चालते हे सांगायचे साधनच हातातून जाते. मुले मराठी बोलतील, पण 'शाळात' का म्हणायचे नाही, हे त्यांना कोण सांगणार? आणि उद्या कॉम्प्युटरला मराठी शिकवायला बसेल, त्याला हे कुठून कळणार?

आपल्याला हे शिकवणाऱ्या बाई आणि सर यांनी एकेक वाक्य फळ्यावर लिहून, शब्द सुटे करून दाखवले. दीडशे वर्षांहून अधिक काळाची ही मेहनत त्यांनी आपल्यापर्यंत पोचवली. त्यांचे आभार मानण्याचा एक सोपा मार्ग आहे. मित्रमैत्रिणींनो, या रविवारी मुलांना जवळ घेऊन मराठीतली चार वाक्ये सोडवा. कर्ता कोणता, कर्म कोणते, क्रियापद कोणाच्या मागे चालले आहे, एवढेच विचारा. यादी तर आपल्याला अजून पाठच आहे.