शाहपुऱ्याची टेकडी आणि ओरछाचा दगड

भोपाळला शाहपुऱ्यात माझा मावसभाऊ राहतो. त्याच्याकडे गेलो की सकाळी तलावाच्या कडेने चालत टेकडी चढायची, हा माझा परिपाठ. टेकडीचा दगड तांबूस, हाताला काचकागदासारखा खरखरीत. हा विंध्य वालुकाश्म. १०० कोटी वर्षांहून जुना! पण वालुकाश्म म्हणजे मुळात वाळू, आणि वाळू म्हणजे त्याहून जुना कुठला तरी झिजलेला डोंगर. मग तो डोंगर कसा झाला होता?

त्यासाठी ओरछाला जावे. भोपाळकडून निघालेली बेतवा तिथे गुलाबी ग्रॅनाइटमधून वाट काढते. पर्यटक राजमहाल आणि छत्र्या पाहतात, पात्रातल्या खडकांवर कपडे वाळत घालतात. हा बुंदेलखंड ग्रॅनाइट साधारण २५० कोटी वर्षांचा. (शाहपुऱ्याची सगळी वाळू इथलीच, असे मी म्हणत नाही.)

मी कलाशाखेचा, त्यामुळे हे वय काढतात कसे ते समजायला वेळ लागला. आमच्या कचेरीतल्या आवक नोंदवहीने मदत केली म्हणा ना! ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन नावाचे बारीक कण असतात. घडताना ते युरेनियमला आत घेतात, शिशाला जवळपास घेतच नाहीत. पुढे युरेनियमचेच शिसे होत जाते. एका प्रकारच्या युरेनियमचे निम्मे व्हायला ४४७ कोटी वर्षे लागतात. म्हणजे आत सापडलेले शिसे हीच आवक तारीख. हॉर्नब्लेंड या काळ्या खनिजातल्या ॲल्युमिनियमवरून तो रस किती खोलीवर गोठला याचा अंदाज बांधता येतो.

पण खरा वाद वयाचा नाही, वंशाचा आहे. हा ग्रॅनाइट खालच्या प्रावरणातून नव्याने आला, की जुनेच कवच पुन्हा वितळून झाला? झिरकॉनमधल्या हॅफ्नियमच्या समस्थानिकांचे प्रमाण ते सांगते. बुंदेलखंडाच्या बाबतीत उत्तर बव्हंशी दुसरे आहे. ते जुने कवचही जवळच आहे: महोबा, बबीना भागातले पट्टेदार नाइस, सुमारे ३३० कोटी वर्षांचे आणि त्याहूनही जुने. त्यांत सोडियम जास्त, पोटॅशियम कमी. पाणी मुरलेला बेसाल्ट खोलवर अर्धवट वितळला की असा रस निघतो. नंतर तेच कवच वितळले, तेव्हा पोटॅशियम रसात उतरले आणि ओरछाचा गुलाबी फेल्डस्पार झाला. निदान मला तरी हे असे समजले आहे.

हे वाचताना गोवा आठवला नसता तरच नवल! आपल्या अनमोड घाटातला नाइसही त्याच सोडियमवाल्या जातीचा. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या कालमापनात त्याचे वय ३४० कोटी वर्षे, १४ कोटी इकडेतिकडे, असे आले. ते रुबिडियम-स्ट्रॉन्शियमने काढलेले. आणि काणकोणला मोठमोठ्या फेल्डस्पारचा, पोटॅशियमवाला ग्रॅनाइट. म्हणजे ओरछाचीच दोन अंकी गोष्ट आपल्या दारातही आहे, आणि आम्ही बेळगावच्या बसमध्ये अनमोड येईपर्यंत गाढ झोपलेले असतो.