शिंदे की सिंधिया? एकाच आडनावाची दोन रूपं

उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला गेलं की 'सिंधिया' हे आडनाव कानावर पडतंच. अनेकांना ते परप्रांतीय वाटतं. पण हे आपलंच 'शिंदे'!

मूळ गाव : सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातलं कण्हेरखेड. तिथली पाटीलकी या घराण्याकडे होती. पुढे दिल्लीपर्यंत दबदबा निर्माण करणारे महादजीही 'पाटीलबाबा' म्हणूनच ओळखले जात.

उज्जैनशी नातं : बाजीराव पेशव्यांचे सरदार राणोजी शिंदे यांनी माळव्यात उज्जैनला राजधानी केली. महाकाल मंदिराची पुन्हा उभारणी झाली ती त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या हातून. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली. तरी त्यांच्या पत्नी बायजाबाईंनी बांधलेलं गोपाळ मंदिर उज्जैनच्या बाजारात आजही उभं आहे.

नाव कसं बदललं : इंग्रजांच्या कागदपत्रांत 'शिंदे'चं स्पेलिंग 'सिंदिया', 'सिंधिया' असं होत गेलं. हिंदीतही 'सिंधिया' रूढ झालं. १९१९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिंधिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीनेही हेच रूप घेतलं.

आज महाराष्ट्रात शिंदे गावोगावी भेटतात, सिंधिया मात्र विरळाच. महादजींची समाधी पुण्यात वानवडीला आहे. तिला सगळे 'शिंदे छत्री'च म्हणतात. राज्याची हद्द ओलांडली की आडनावाचा उच्चार बदलतो, घराणं तेच राहतं.