गूगलला भारतात दंड का झाला? खताच्या ‘लिंकिंग’वरून समजून घ्या

नवा अँड्रॉइड फोन बॉक्समधून काढला की गूगल सर्च, क्रोम, यूट्यूब, मॅप्स, जीमेल त्यात आधीच बसलेले असतात. यातले बरेचसे काढून टाकता येत नाहीत, फार तर ‘डिसेबल’ करता येतात. आपण तर ते मागितले नव्हते. मग आले कुठून? २०१८ मध्ये अँड्रॉइड वापरणाऱ्या तिघांनी याच्याशी जोडलेली तक्रार भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजे सीसीआयकडे नेली. एप्रिल २०१९ मध्ये चौकशी लागली आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगानं गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

मी जालन्याचा. त्यामुळे मला हे प्रकरण खताच्या दुकानावरून लवकर कळतं. ऐन पेरणीत युरिया आणायला गेलं की दुकानदार म्हणतो, ‘युरिया पाहिजे ना, मग ही बाटली पण घ्यावी लागंल.’ बाटली नको असते, पण युरियाशिवाय भागत नाही, म्हणून दोन्ही घेऊन घरी यायचं. आमच्याकडे याला ‘लिंकिंग’ म्हणतात. दुकानदाराला जाब विचारला तर तो म्हणतो, मलाच वरून तसं आलंय.

फोनमधला युरिया कोणता?

प्ले स्टोअर. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, कोणीही फुकट वापरू शकतो. पण प्ले स्टोअर आणि त्याच्या मागे चालणाऱ्या प्ले सर्व्हिसेस गूगलच्या मालकीच्या आहेत. प्ले स्टोअर नसलेला फोन आपल्या बाजारात कोण घेणार? हे गूगललाही माहीत आणि फोन कंपन्यांनाही. म्हणून करार असा व्हायचा: प्ले स्टोअर हवंय तर आमच्या ॲप्सचा अख्खा गठ्ठा घ्या, सर्चची पट्टी होम स्क्रीनवर ठेवा आणि हे सगळं आम्ही सांगू त्या जागी ठेवा. गठ्ठ्यातलं एकच ॲप नको म्हणायची सोय नव्हती.

दुसरा करार मला याहून गंभीर वाटतो, कारण तो आपल्याला दिसतच नाही. फोन कंपनीनं अँड्रॉइडच्या खुल्या कोडमध्ये स्वतःचे मोठे बदल करून वेगळी आवृत्ती काढायची नाही, असं त्यात बांधून घेतलेलं होतं. म्हणजे कोड फुकट, पण त्यातून गूगलला टक्कर देणारं काही उभं करायचं नाही. शिवाय काही कंपन्यांना सर्चच्या कमाईतला वाटा मिळायचा, अट एवढीच की दुसरं सर्च इंजिन ठेवायचं नाही.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. मोठं असणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. स्पर्धा कायदा २००२ चं कलम ४ सांगतं की वर्चस्वाचा गैरवापर चालणार नाही. त्यामुळे आयोगाला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: वर्चस्व आहे, आणि ते वापरून दुसऱ्याची वाट अडवली आहे. आयोगानं मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टीम, ॲप स्टोअर, सर्च, ब्राउझर आणि ऑनलाइन व्हिडिओ अशा पाच बाजारांत गूगलचं वर्चस्व मानलं.

लायसन्सच्या अटींचं भांडण जालन्याला नवं नाही. महिको ही इथलीच कंपनी, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली. तिची आणि मोन्सँटोची संयुक्त कंपनी बीटी कपाशीचं तंत्रज्ञान दुसऱ्या बियाणं कंपन्यांना लायसन्सवर द्यायची आणि पाकिटामागे शुल्क घ्यायची. तंत्रज्ञान एकाच्या हातात, अटी पण त्याच्याच, अशा तक्रारींवरून फेब्रुवारी २०१६ मध्ये सीसीआयनं चौकशी लावली. पुढे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं ठरवलं की पेटंटच्या लायसन्सचा वाद पेटंट कायद्याखाली बघायचा, सीसीआयनं नाही. आरोप खरे की खोटे हे ठरलंच नाही. गूगलच्या प्रकरणात मात्र आयोगाचा निकाल आला.

मग यूट्यूब अजून का निघत नाही?

दंडासोबत आयोगानं दहा निर्देश दिले होते. गूगल अपिलात गेलं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती द्यायला नकार दिला, तेव्हा गूगलनं भारतापुरते बदल जाहीर केले: फोन कंपन्यांना गूगलचे ॲप्स सुटे घेता येतील आणि आपल्याला डिफॉल्ट सर्च इंजिन निवडता येईल. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणानं, म्हणजे एनसीएलएटीनं, दंड पूर्ण कायम ठेवला, पण दहातले चार निर्देश काढून टाकले. त्यातला एक नेमका आधीपासून टाकलेले ॲप्स काढू देण्याचा होता. दुसरा प्ले स्टोअरवर दुसऱ्यांचे ॲप स्टोअर ठेवू देण्याचा. म्हणून तुमच्या फोनवर फरक फारसा दिसला नाही. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

दुसरा दंड आठवडाभरातच, २५ ऑक्टोबर २०२२ ला आला: ९३६.४४ कोटी. ॲपमधल्या डिजिटल खरेदीचे पैसे गूगलच्याच बिलिंगमधून घ्यायची सक्ती होती आणि त्यावर १५ ते ३० टक्के शुल्क. जालन्यातल्या एखाद्या क्लासवाल्यानं ॲपवर १,००० रुपयांचा व्हिडिओ कोर्स विकला तर १५० ते ३०० रुपये तिकडे जाणार, असा हा हिशोब. मार्च २०२४ मध्ये याच शुल्कावरून नोकरी डॉट कॉम, शादी डॉट कॉम, भारत मॅट्रिमोनी यांच्यासारखे ॲप्स प्ले स्टोअरवरून काढले गेले; सरकार मध्ये पडल्यावर परत आले. एका कंपनीनं ठरवलं आणि लाखो लोकांचे ॲप्स रातोरात दिसेनासे झाले, वर्चस्व म्हणजे काय ते यातून कळतं. मार्च २०२५ मध्ये एनसीएलएटीनं हा दंड २१६.६९ कोटींवर आणला.

गूगलची बाजू अगदीच पोकळ नाही. अँड्रॉइड फुकट नसतं तर स्वस्त फोन इतक्या लवकर आपल्या हातात आले नसते. बाहेरून ॲप टाकण्यात धोका आहे हेही खरं. ‘पीएम किसान’ किंवा ‘आरटीओ चलान’ नावाच्या एपीके फाइल व्हॉट्सॲपवर फिरतात, त्या टाकल्या की बँक खातं रिकामं होऊ शकतं. तसल्या फाइलला हात लावू नका. पण सुरक्षेचं कारण पुढे करून प्रत्येक पर्यायी स्टोअर अडवता येतं का, हा वेगळा प्रश्न आहे. फोनपेचं इंडस ॲपस्टोअर फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठीसह १२ भारतीय भाषांत आलं. त्याचं मूळ मुंबईच्या इंडस ओएसमध्ये, आयआयटी मुंबईत शिकलेल्या मुलांनी उभं केलेलं. प्ले स्टोअरमध्ये शोधलं तर ते सापडत नाही.

अमेरिकेतही हेच चाललंय. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी सर्चमध्ये गूगलनं बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निकाल दिला. डिफॉल्ट जागेसाठी गूगलनं एकट्या २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर मोजले होते. नुसत्या ‘आधीपासून असण्याची’ किंमत ही!

तुम्हाला आत्ता काय करता येईल? सेटिंग्जमध्ये ॲप्स उघडा, ‘डिफॉल्ट ॲप्स’मध्ये ब्राउझर बदला. क्रोमच्याच सेटिंग्जमध्ये ‘सर्च इंजिन’ वेगळं निवडता येतं. नको असलेल्या ॲपवर ‘डिसेबल’ दाबलं की ते मागे चालायचं थांबतं आणि त्याच्या अपडेट्सनी व्यापलेली जागा मोकळी होते. कमी स्टोरेजच्या फोनमध्ये हा फरक लगेच जाणवतो.