शेंडेफळाची आई

शेवटच्या लेकराला आपल्याकडं शेंडेफळ म्हणतात. शब्द गोड आहे. पण त्या शेंडेफळाची आई चाळिशीतली असली, तर माझ्या लहानपणी तिला तोंड लपवावं लागायचं. सून नांदायला आलेली आणि सासूला दिवस गेले, तर पाणवठ्यावर बाया पदराआड हसायच्या. मग ती बाई सहावा महिना लागेस्तोवर कुणाला कळूच द्यायची नाही. नऊवारी लुगडं, झाकतंय सगळं.

माझी थोरली चुलती अशीच गेली. साल १९७२. आम्ही माणदेशातली माणसं, दुष्काळ आम्हाला नवा नव्हता, पण त्या साली विहिरींनी तळ दाखवला. चुलती खडी फोडायला जायची. वय बेचाळीस-त्रेचाळीस असंल, सातवं बाळंतपण. पाय सुजले, तर ऊन बाधलं म्हणाली. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची, तर सुकडीवर कुठं ताकद राहतीय म्हणाली. आठव्यात एका रात्री आकडी आली. बाहेरचं काहीतरी आहे म्हणून आधी देवऋषी आणला. गाडी जुंपून तालुक्याला निघेस्तोवर उजाडलं होतं. वाटेतच गेली. पुढं कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरनं मला समजावलं, की ही आकडी वाढलेल्या रक्तदाबाची, आणि वय वाढलं की तिचा धोकाही वाढतो. दंडाला पट्टा बांधून मोजलं असतं तर आधीच कळलं असतं.

बरं, मोजणारं कुणी नव्हतं असंही नाही. नर्सबाई यायची. पण तिच्यामागं सरकारनं कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचं उद्दिष्ट लावलेलं. चार-पाच लेकरांची बाई म्हणजे तिच्या लेखी ‘केस’. आणीबाणीत तर माणसं जीप दिसली की ज्वारीत दडायची. मग चाळिशीतली पोटुशी बाई आपण होऊन नर्सबाईपुढं कशी जाईल? १९९६ साली ती उद्दिष्टं काढून टाकली. बायांचं नर्सबाईशी मोकळं बोलणं मला तरी त्यानंतरच दिसलं.

दुसरा घोळ तपासणीनंच घातला. गर्भजल तपासणी आली ती बाळात जन्मजात दोष आहे का बघायला. आईचं वय जास्त असलं की असे काही दोष जास्त आढळतात. पण आपल्या लोकांनी, शिकलेल्यांनी आधी, तिचा वापर केला पोरगी ओळखून पाडायला. त्याविरुद्ध महाराष्ट्रानं देशात पहिला कायदा केला, १९८८ साली. १९९४ ला तो सगळ्या देशासाठी झाला. त्या कायद्यात पस्तिशीच्या वरच्या बाईला दोष बघायची तपासणी करून घ्यायची मुभा आहे. फक्त मुलगा की मुलगी ते सांगायचं नाही. पण गावात बदनामी झाली ती झालीच. थोराड बाई सोनोग्राफीला गेली, की लोक म्हणणार, पोरगं हाय का बघायला गेली.

आता आशाताई दारात येते. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवा म्हणते. वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन, साखर बघतात, फॉलिक ॲसिडची गोळी देतात. अकरा ते चौदा आठवड्यांत एक सोनोग्राफी असते, ती वेळ टळली की टळली. रक्तदाबाचा धोका दिसला तर डॉक्टर बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची बारकी गोळी सुरू करतात. म्हणजे थोराड बाईचं निम्मं काम पहिल्या तीन महिन्यांत. आणि आपली जुनी रीत काय, तर तीन महिने कुणाला सांगायचं नाही, नजर लागते!

आमच्या भावकीतली एक सून, वय अडतीस, थोरलं पोरगं अकरावीला. तिनं सासूला न विचारता सातव्या आठवड्यातच आशाताईला सांगितलं. आठव्याला मोजलं तर रक्तदाब १५० वर १००. तिला काहीसुद्धा होत नव्हतं, ना डोकं दुखत होतं, ना पाय सुजले होते. मुळातच वाढलेला असणार, पण मोजला कुणी कधी? गोळ्या लगेच सुरू झाल्या. सासू आठ दिवस बोलली नाही. आता सातवा चालू आहे. महिन्याच्या नऊ तारखेला दवाखान्यात जाते, कार्डावर जोखमीचा लाल टिकला चिकटवलाय. गेल्या खेपेला सासूच बरोबर गेली होती. घरी आल्यावर मात्र ते कार्ड तिनं देव्हाऱ्यातल्या फोटोमागं सारून ठेवलं, कुणाला दिसू नये म्हणून.