विमानाआधी जमीन

पिंपरी-चिंचवडचा अर्वाचीन इतिहास सांगायला लोक बहुधा १९५४ पासून, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सपासून सुरुवात करतात. त्याच्याही आधी, १९४८ साली, रुरकीहून लष्करी इंजिनिअरांचं विद्यालय खडकी-दापोडीला आलं. पुढे त्याचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग झालं. लोकांच्या तोंडी नुसतं सीएमई. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं रोज जाणाऱ्यांना ते ठाऊक असतं ते फार तर भिंतीमुळे, नाहीतर रोइंगमुळे. रस्ते, पूल, धावपट्ट्या ही लष्करी इंजिनिअरांची विद्या. उंचावरच्या हवाई वाहतुकीच्या इतिहासात या विद्येला वैमानिकाच्या बरोबरीची जागा मिळायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

हा इतिहास आपण वैमानिकांच्या धाडसाचा म्हणून सांगतो, आणि धाडस होतंच. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना सोबत घेऊन डाकोटा लेहला उतरवलं. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर राजे यांनी पॅकेट विमान दौलत बेग ओल्डीला, तब्बल १६,६०० फुटांवर, टेकवलं. पण तिथल्या हवेचा हिशेब मांडून पाहा. एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के. पंखांनी तेवढंच वजन तोलायचं तर विमानाला सुमारे ३० टक्के जास्त वेगानं उतरावं लागतं, आणि थांबायला लागणारं अंतर दीडपटीच्याही पुढे जातं. त्या वेगाचा मार खाते ती खालची वाळू-खडी. १९६२ च्या ऑक्टोबरात एएन-१२ विमानांनी चुशूलला एएमएक्स-१३ रणगाडे पोचवले, एकेक सुमारे १५ टनांचा. विमानासकट तो भार चुशूलच्या पट्टीनं पेलला, हे कुणी फारसं सांगत नाही.

कोणी म्हणेल, लेहची पट्टी सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरानं स्थानिक माणसांना हाताशी धरून केली. तिथे दापोडीचा काय संबंध? नाहीच. पण विमान येण्याआधी कोणीतरी जमीन तयार करत होतं, एवढं तर त्यातूनही दिसतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पॅकेटच्या पाठीवर जादा जेट इंजिन बसवलं, म्हणून ते दौलत बेग ओल्डीच्या विरळ हवेत झेपावू शकलं. मग श्रेय यंत्राचंच ना? उड्डाणापुरतं, हो. पण त्या पट्टीचं पुढे काय झालं ते पाहा. साठच्या दशकातच भूकंपानं तिथली माती सैल झाली आणि विमानं उतरणं थांबलं. हेलिकॉप्टरं तेवढी जात राहिली. १९८४ मध्ये हवाई दलात एएन-३२ आलं, तेही त्या पट्टीवर जवळपास पाव शतक उतरलं नाही. यात सरकारी धोरणाचाही भाग होता, हे मान्य. तरी नुसतं यंत्र पुरेसं असतं तर वाट पाहावी लागली नसती. पट्टी पुन्हा वापरण्याजोगी केल्यावर ३१ मे २००८ रोजी एएन-३२ तिथे उतरलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये त्याहून जड सी-१३०जे. दोन्ही वेळा पट्टी कच्चीच होती.