अमर शेख, शाहीर
(२० ऑक्टोबर १९१६ – २९ ऑगस्ट १९६९). मराठी शाहीर, कवी व गायक. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म बार्शी (जि. सोलापूर) येथे, गरीब घरात. आई मुनेरबी हिच्या तोंडची लोकगीते ही त्यांची पहिली तालीम. पोटासाठी त्यांनी गाडीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत राबले. गिरणी कामगारांच्या संपामुळे तुरुंगात गेले आणि तिथे साम्यवादी विचारांशी त्यांची गाठ पडली. कोल्हापुरात चित्रपट-दिग्दर्शक मास्टर विनायकांकडे असताना ‘अमर शेख’ हे नाव मिळाले.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभारले. पोवाडा, लावणी, तमाशा या गावाकडच्या प्रकारांत या तिघांनी संप, दुष्काळ, महागाई हे विषय आणले. त्याच काळात अमेरिकेत वूडी गथ्री, पीट सीगर जुन्या लोकचालींवर कामगारांची गाणी रचत होते. अमर शेख त्याच जातीचे कलावंत. त्यांच्या हाती गिटारऐवजी डफ होता, इतकेच. शाहिराने ओळ टाकायची, झीलकऱ्यांनी ‘जी जी’ करत ती उचलायची आणि त्या अवधीत शाहिराने पुढच्या चढाईसाठी दम घ्यायचा, ही पोवाड्याची रीत. तिच्यात त्यांचा पहाडी आवाज भरला, की मैदानातला शेवटचा माणूसही झील धरी.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर शाहिरांचे गाणे पुढाऱ्यांच्या भाषणाइतकेच मोलाचे ठरले. अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याच लढ्यातली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. बेळगाव, निपाणी, कारवार मात्र बाहेरच राहिले. सीमेचा हा प्रश्न अमर शेखांच्या जिल्ह्यालाही भिडलेला होता. कानडी आणि मराठी दोन्ही चालणाऱ्या अक्कलकोट तालुक्यातील गावे म्हैसूर राज्याला द्यावीत, अशी शिफारस सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये केली. ती अमलात आली नाही.

‘कलश’ (१९५८) व ‘धरतीमाता’ (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह, ‘पहिला बळी’ हे नाटक. ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटात त्यांनी भूमिका केली. छापील कवितेत त्यांची सगळी ताकद उतरत नाही, कारण ओळ कुठे ताणायची आणि कुठे तोडायची हे ते समोरचा समुदाय पाहून ठरवत. तरीही केवळ प्रचारगीतकार म्हणून त्यांना बाजूला सारणे अन्यायाचे आहे. मातीवर आणि कष्टकरी बाईवर त्यांनी जीव ओतून लिहिले.

इंदापूरजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. कवयित्री मल्लिका अमर शेख या त्यांच्या कन्या. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे.