निरीक्षणगृह : एका पाटीची कुळकथा

बंगळूरला राहायला आल्यावर मी कन्नड पाट्या वाचायचा सपाटा लावला. अक्षरं जुळवत जायची, अर्थ लागला तर लागला. होसूर रोडवर एकदा अशीच एक सरकारी पाटी जुळवली : ‘वीक्षणालय’. लिपी परकी, पण शब्द घरचाच वाटला. वेधशाळा वगैरे असावी म्हणून बरोबरच्या मित्राला विचारलं. तो हसला. म्हणाला, “रिमांड होम आहे ते!”

“रिमांडमध्ये टाकीन हं!” ही धमकी ऐकत मोठी झालेली मराठी पिढी अजून आहे. गंमत अशी, की रिमांड म्हणजे शिक्षा नव्हेच. लॅटिनमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ ‘परत धाडणं’. चौकशी पुरी व्हायची आहे, तोवर पुढल्या तारखेपर्यंत ठेवायची जागा, एवढंच. पण धमकी देणाऱ्या आयांना जे ठाऊक होतं तेही खोटं नव्हतं. मुंबई इलाख्याचा मुलांसाठीचा कायदा 1924 चा, आणि 1927 मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी निघाली. तिचं डोंगरीचं रिमांड होम भरलं ते उमरखाडीच्या जुन्या तुरुंगात. 1882 साली कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात टिळक-आगरकरांनी 101 दिवस काढले ते याच तुरुंगात. ते दोघे तरी तेव्हा कितीसे मोठे? जेमतेम सव्विशीचे. पाटीवर ‘होम’ आलं. भिंती तुरुंगाच्याच राहिल्या.

‘ऑब्झर्व्हेशन होम’ हे नाव 1960 च्या केंद्रीय बालक कायद्यात दिसतं. तो कायदा फक्त केंद्रशासित प्रदेशांपुरता होता. मूल नुसतं डांबायचं नाही, त्याच्याकडे पाहायचं, त्याचं घर, शाळा, तब्येत समजून घ्यायची, ही त्यामागची कल्पना. मराठीने त्याचं ‘निरीक्षणगृह’ केलं, कन्नडने ‘वीक्षणालय’. मुलाच्या घरी जाऊन चौकशी करतो तो प्रोबेशन ऑफिसर आपल्या सरकारी मराठीत ‘परिवीक्षा अधिकारी’. तिन्ही शब्द एकाच धातूचे : ईक्ष्, म्हणजे पाहणं. याच कुळात ‘प्रतीक्षा’ही आहे आणि ‘उपेक्षा’ही. भावंडं एकाच घरात किती वेगवेगळी निघतात!

पाहण्याची दुसरी, जुनी परंपरा बघायची तर फ्रीडम पार्कला जावं. 1860 च्या दशकातलं हे बंगळूरचं सेंट्रल जेल. आणीबाणीत वाजपेयी, अडवाणींबरोबर आपले मधू दंडवते याच तुरुंगात होते. पुढे कैदी परप्पन अग्रहारच्या नव्या तुरुंगात गेले आणि 2008 मध्ये इथे बाग झाली. मधोमध टेहळणीचा मनोरा अजून उभा आहे, आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या बराकी त्याच्याकडे तोंड करून. मनोऱ्यावरून सगळे दिसतात. आपल्याकडे आत्ता कुणी पाहतंय का, हे खालच्याला कधीच कळत नाही. 1787 मध्ये रशियातून लिहिलेल्या पत्रांत जेरेमी बेंथमने ही रचना मांडली आणि तिला नाव दिलं ‘पॅनॉप्टिकॉन’, सर्वदर्शी. आज शहरातले मोर्चे याच बागेत आणून सोडतात. कॉलेजची पोरं मनोऱ्याच्या सावलीत बसून घोषणा देतात.

मुलांच्या बाबतीत खरी अडचण होती ती कुणी न पाहण्याची. देशभरातल्या मोठ्यांच्या तुरुंगांत सोळा वर्षांखालची मुलं खितपत होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला. कोर्टाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंग तपासायला धाडलं आणि राज्याराज्याच्या वेगळ्या कायद्यांऐवजी संसदेनेच एक कायदा करावा, असं सुचवलं. 1986 च्या डिसेंबरात बाल न्याय अधिनियम आला आणि निरीक्षणगृह जम्मू-काश्मीर वगळता देशभर पोचलं. बारसेबाईंचा मात्र खटल्याच्या विलंबाने जीव मेटाकुटीला आला. त्यांनी अर्ज मागे घ्यायचं म्हटलं, तेव्हा 1988 मध्ये कोर्टाने अर्ज ठेवून घेतला आणि अर्जदार म्हणून त्यांचंच नाव खोडलं. जिने पाहायला लावलं तीच दिसेनाशी झाली. मला हे अजून पचत नाही.

त्या कायद्यात निराधार मूल आणि चोरीचा आळ असलेलं मूल चौकशीपुरतं एकाच निरीक्षणगृहात राहू शके. वेगळी सोय 2000 च्या कायद्याने केली. मग डिसेंबर 2012 चं दिल्लीचं सामूहिक बलात्काराचं प्रकरण घडलं, त्यातला एक आरोपी अठराच्या आतला होता, आणि 2015 च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलाची अतिगंभीर गुन्ह्यात ‘प्राथमिक तपासणी’ ठेवली. गुन्हा करण्याइतकी त्याच्या मनाची, शरीराची कुवत होती का, परिणाम कळत होते का, हे बाल न्याय मंडळाने ठरवायचं. लागल्यास मानसतज्ज्ञांची मदत घ्यायची. ही तपासणी कशी करावी याच्या पद्धती बसवणाऱ्यांत निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तीही होसूर रोडवरच. नजर आता मुलाच्या मनाच्या आत शिरू पाहते. काही महिन्यांपूर्वीचं मन आज कसं मोजायचं, याचं समाधानकारक उत्तर मी तरी कुठे वाचलेलं नाही.

आणि निरीक्षणगृहावर नजर कुणाची? त्याच 2015 च्या कायद्याचं कलम 54 सांगतं : निरीक्षण समितीने प्रत्येक गृहाला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची, सदस्य किमान तीन, त्यांत एक स्त्री, एक डॉक्टर, आणि अहवाल आठवड्याच्या आत.